तांब्या उजवा, चांद्या डावा

२७ जुलै, रविवार

बंडी हलली!

मोबाईलच्या काचेवर मी बोटाने काढलेली बंडी. दोन वाकडी चाकं, एक दांडा, बैल अजून नाहीतच. पण दाबलं की उजवीकडे सरकते आणि सोडलं की थांबते. दुपारभर मी नुसती दाबत आणि सोडत बसले. शिवणाचं मशीन समोर उघडं, शेजारच्या बयनाबाईंचा ब्लाउज अर्धा, आणि मी लहान पोरीसारखी हसतेय! जिने आजवर कॉम्प्युटर फक्त दाखले देणाऱ्या मीसेवा केंद्रात काउंटरपलीकडून पाहिलाय, तिची बंडी हलली.

पंकजला दाखवली. (घरात 'अहो' म्हणते, पण इथे कोण ऐकतंय? पंकज!) तो म्हणाला, "बैलाबिगर चालून राह्यली? ट्रॅक्टर हाय का?" म्हणू दे.

हे सगळं कशासाठी चाललंय ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल. जूनमध्ये शाळेत डोळे तपासणारे आले होते. त्यांनी माझ्या रेणूचा डावा डोळा झाकला तर पोरीला समोरची बाई दिसेना. सहा वर्षांची पोर, आणि घरात कुणाला पत्ता नाही, कारण डावा डोळा दोघांचं काम करत होता. आदिलाबादला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळा आतून चांगला आहे, पण वापरच नाही म्हणून तो आळशी झालाय. चष्मा लावायचा, रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची आणि आळशी डोळ्याकडून जवळचं बारीक काम करून घ्यायचं. "अभी छोटी है, हो जाएगा. आठ-नौ के बाद बहुत मुश्किल."

हे शेवटचं वाक्य माझ्या पाठीमागे लागलंय. भाकरी थापताना ऐकू येतं.

२८ जुलै

आज हलत नाही. काल चालत होती, मी कशालाही हात लावला नाही, आणि आज हलत नाही!

३१ जुलै

हात लावला होता. एक ठोकळा निसटून खाली पडला होता.

गेम बनवायच्या या ॲपमध्ये लिहावं लागत नाही, हे एक बरं. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे. 'बोट लागलं तर', 'पुढे जा', 'थांब'. ठोकळ्यांवर हिंदी आहे, शिकवणारे व्हिडिओ तेलुगूत आहेत, आणि शिव्या मी मराठीत देते. ब्लाउजचंही असंच असतं. पाठ, पुढा, बाही, पट्टी. क्रम चुकला की सगळं उसवा. उसवायची मला सवय आहे. त्यामुळे इतरांपेक्षा थोडी कमी रडते.

तयार गेम का नाही दिला, असं पंकज विचारतो. दिला होता! दोन मिनिटं फुगे फोडले की पत्त्यांची जाहिरात, मग कर्जाची, मग एक बाई नाचत येते. आणि ते फुगे एवढे मोठे की आळशी डोळ्याने आळस सोडायची गरजच नाही. मणी ओवायला दिले तर रेणूने फेकले. चित्र रंगवायला दिलं तर पट्टीखालून चोरून बघत रंगवलं. चिकटपट्टीने गालावर लाल चट्टे उठले. रोज संध्याकाळी तेच. ती रडते, मी ओरडते, आणि मामाजी ओसरीवरून म्हणतात, "बाप्पा, चांगला डोया काऊन बांधून राह्यली तू पोट्टीचा? हाये तो बी जाईन!"

मामाजी म्हणजे माझे सासरे, महिपत. गावात कुणी त्यांचं बैलांविषयी बोललेलं खोडत नाही. डोळ्यांविषयी खोडायला मी एकटीच.

६ ऑगस्ट

बैल काढले. फोनवर, बोटाने. बोट जाड, फोन लहान, आणि सासरे पाठीशी! "शिंग असं नसते." "वशिंड कुठी गेलं?" "हा बैल हाये का डुक्कर?" चार वेळा पुसले. आमची जोडी दोन्ही तांबडी. तांब्या आणि चांद्या. अंगाने, उंचीने सारखी. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद, एवढाच फरक. फोनवर तो चांद मोहरीएवढा झाला. मोठा काढावासा वाटला, मग म्हटलं नको, राहू दे लहानच. मामाजींनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "हाव. आता वयखू येते."

पट्टीचंही जमवलं. अस्तराच्या कापडाची खोळ शिवून चष्म्याच्या डाव्या काचेवर चढवली, बाजूने झालर लावली. चोरून बघायला फट नाही. चट्टेही नाहीत. शिवण कामाला आलं म्हणून फार बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

बंडी रस्त्यातून खाली पडते. बैलांसकट. दिसेनाशी होते! तीन दुपारी मी नुसती पडती बंडी बघतेय. शेवटी कळलं ते असं की रस्ता काढला होता, पण तो टणक आहे हे फोनला सांगितलंच नव्हतं. त्याला काहीच आपोआप समजत नाही. नव्या सुनेलासुद्धा एवढं सांगावं लागत नाही.

टणक केला. बंडी उभी राहिली. मीही.

२२ ऑगस्ट, पोळा

सकाळी बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली चढवल्या. तोरणाखालून जोडी मिरवून आली, ओवाळलं, पुरणपोळी चारली. सगळं आटोपल्यावर रेणूला म्हटलं, "तुझ्यासाठीपण एक जोडी आहे." आणि गेम दिला.

घरातून निघायचं, बंडी शेतात न्यायची. वाटेत बारीक बारीक वस्तू पडलेल्या: बोरं, खिळा, पितळी घुंगरू. बोट लावून उचलायच्या. खड्डा दिसला तर बंडी थांबवायची. बस, एवढंच. आवाज नाही, जाहिरात नाही, कुणी नाचत येत नाही.

ती खेळली. पट्टी बांधून! आधी नाक काचेला टेकवून, मग थोडं लांबून. "आई, हा तांब्या. हा चांद्या." पट्टीचा वेळ संपला तरी सोडेना. मला स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावावी लागली, कारण डोळे भरून आले होते आणि सणाच्या दिवशी सासूबाई काय म्हणतील!

२ सप्टेंबर

गेम एवढासाच होता, ती दहा दिवसांत कंटाळली. आज परतीची वाट केली. शेतातून कापूस भरून घरी यायचं. डावीकडे तोंड केलेले बैल पुन्हा कोण काढणार? एक बाही बेतली की कागद उलटा करायचा, दुसरी बाही तयार. मी तेच केलं. ॲपमध्ये 'पलटा' असा ठोकळा आहे. लावला. बंडी वळली! इतकं सोपं काम इतक्या दिवसांत झालं नव्हतं.

३ सप्टेंबर

आज हरले.

रेणूने परतीची वाट उघडली आणि किंचाळली, "मी नाही खेळत जाय! बैल चुकले!" खोळ ओढून काढली, चष्मा फेकला. मी म्हटलं, बैल तेच आहेत, मीच काढलेत. "नाही! चुकले!" मला वाटलं, झालं, पुन्हा नाटक, पुन्हा पट्टीचा कंटाळा. मी हात उगारला. मारला नाही, पण उगारला. ती आजोबांच्या मांडीवर जाऊन झोपली, आणि मी मशीनवर बसून एक सरळ शिवण वाकडी घातली.

आठ-नऊच्या आत. आठ-नऊच्या आत. दिवसभर तेच.

४ सप्टेंबर

कालचं 'हरले' खोडलं.

सकाळी मामाजींनी फोन मागितला. "पाहू दे, काय केलं तुनं बैलाचं." परतीची वाट दाखवली. त्यांनी पाहिलं, फोन लांब धरला, जवळ धरला, आणि मला म्हणाले, "पोट्टी बराबर सांगून राह्यली. तुनं बैल फिरवून जुंपले न!"

मला काही कळेना. मग त्यांनी ओसरीवर दोन चपला ठेवल्या आणि समजावलं. तांब्या उजवा बैल, चांद्या डावा. जन्मभर. शिकताना जी बाजू धरली तीच बाजू. शेतात जाताना बंडी आमच्या घरासमोरून उजवीकडे जाते, तेव्हा ओसरीवरून अलीकडे तांब्या दिसतो, पलीकडे चांद्या. घरी येताना बंडी डावीकडे जाते, म्हणजे आता चांद्या अलीकडे दिसायला हवा. मी चित्र नुसतं पलटलं, त्यामुळे अलीकडे तांब्याच राहिला आणि चांद्या उजव्या बाजूला गेला. "असा जुंपला तर चांद्या बंडी नालीत घालन," मामाजी म्हणाले.

बाहीला चालतं ते बैलाला चालत नाही! मी कपाळावर हात मारला. रेणू रोज संध्याकाळी ओसरीवरून बंडी येताना बघते, तिला ते खटकणारच.

आणि मग, चपला उचलता उचलता, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही बैल सारखे. फरक फक्त त्या चांदाचा. मोहरीएवढा ठिपका! पोळ्याला तिने नावं जागेवरून सांगितली असतील, पण काल तर बैलच चुकीच्या जागी होते. आणि काल डाव्या डोळ्यावर खोळ होती, फट नव्हती, मीच शिवलीय. मग तिने तो ठिपका कोणत्या डोळ्याने पाहिला?

"मामाजी," म्हटलं, "तिला दिसलं. त्या डोळ्याने दिसलं!"

मामाजींनी रेणूला हाक मारली, स्वतःच्या हाताने तिच्या चष्म्यावर खोळ चढवली, आणि म्हणाले, "चाल, तुह्या आईले बैल सुधरवता येते का पाहू."

बैल सुधारले. पलटायचा ठोकळा काढून टाकला आणि परतीची जोडी नव्याने काढली. अर्धा दिवस गेला. जाऊ दे, खुशाल जाऊ दे!

रेणूला जवळ घेऊन म्हटलं, माझंच चुकलं होतं गं. ती म्हणाली, "मी तं सांगतलंच होतं."

१३ सप्टेंबर

आदिलाबादला जाऊन आलो. तक्त्यावरची मोठी अक्षरं उजव्या डोळ्याने वाचली! जूनमध्ये तक्ता कुठे टांगलाय हेसुद्धा सांगता आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना गेम दाखवला, लाजत लाजत. त्यांनी थोडा खेळून पाहिला, खड्ड्यात बंडी घातली. "किसने बनाया?" मी म्हटलं, मैंने. "आप क्या करती हैं?" ब्लाउज सीती हूँ. त्या हसल्या, पण वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, गेम कोणताही चालेल, पट्टी महत्त्वाची. आणि वस्तू हळूहळू लहान करत जा.

परतताना बसमध्ये झोप लागली. किती दिवसांनी बसमध्ये झोपले!

१९ ऑक्टोबर

दिवाळी. ब्लाउजच ब्लाउज. पट्टी राहिली आज.

२ नोव्हेंबर

आजही राहिली. कापूस फुटलाय, सगळे वेचणीला. रेणू शेतातच असते दिवसभर. गेमचे खड्डे तिला पाठ झालेत. न बघता खेळते!

१५ नोव्हेंबर

तोंडचं पाणी पळालं.

"मम्मी, रुक गया है." तक्त्यावर सप्टेंबरइतकंच. एक अक्षर पुढे नाही. पट्टी रोज होते का, असं विचारलं. मी खोटं बोलणार होते, रेणूच म्हणाली, "नाही, रोज नाही." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त लागलं. "अभी टाइम है. लेकिन इतना भी नहीं."

घरी येऊन पंकजला सांगितलं. तो नेहमीसारखी थट्टा करेल असं वाटलं. त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, "उद्यापासून वेचणीचं मी पाहतो. मजूर लावतो. तू शेतात येऊ नको. तू अन् रेणू घरी राहा, पट्टी अन् गेम, बस." मी या माणसाबद्दल इथे बरंच वाकडं लिहिलंय. तेवढं मागे घेते.

१८ नोव्हेंबर

नवी वाट हवी, पाठ न होणारी आणि बारीक. काय टाकू? मण्यांचा तिला कंटाळा. बोरं-खिळे काढायचा मला.

मामाजी बोंड सोलत बसले होते. तळहातावर एक किडकं बोंड माझ्यासमोर धरलं. आत गुलाबी अळी, तांदळाच्या कणीएवढी. "हे टाक न," म्हणाले. "हे रोज नव्या जागी बसते. आमालेच सापडत नाही!"

२३ नोव्हेंबर

बोंडअळी गेममध्ये आली! आमच्या शेतातून जात नाही, निदान इथे तरी कामाला लागली. पांढऱ्या कापसात गुलाबी अळी, दर खेपेला नव्या जागी. त्यासाठी 'कुठेही' असा एक ठोकळा सापडला. मला हा ठोकळा जुलैत सापडायला हवा होता! सापडली की अळी लहान होते. आणखी सापडली की आणखी लहान.

रेणू पट्टी बांधून ओरडते, "अळी! अळी! मारली!" सासूबाई दचकून उठतात.

१० डिसेंबर

रोज झाली पट्टी. रोज!

२८ डिसेंबर

अळी आता इतकी बारीक झालीय की मला सापडत नाही. मला वाटलं गेम बिघडला, ठोकळे तपासत बसले. रेणूने माझ्या खांद्यावरून हात घालून बोट टेकवलं, अळी मेली. गेम धडधाकट आहे! मलाच चष्मा लागणार बहुतेक. लागू दे.

१७ जानेवारी

जीव भांड्यात पडला.

रेणू उजव्या डोळ्याने तक्ता वाचत खाली खाली गेली. पंकजने माझं मनगट धरलं होतं, बाहेर बाकावर मामाजी. हो, या वेळी तेही आले, "मी बी पाहतो काय करतेत ते." खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं तिने. डॉक्टरीणबाई नर्सकडे वळून म्हणाल्या, "चाला बागुंदि." फार छान आहे म्हणे! मला तेलुगू शाळेत असताना कधी एवढी गोड लागली नव्हती.

पट्टी आता एक दिवसाआड. चष्मा चालू.

बाहेर आल्यावर मामाजींनी विचारलं, काय झालं? रेणूने सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग सगळ्यांना उसाचा रस पाजला, थंडीत! पंकज म्हणाला, "बाबा, थंडी हाये." "हाव," म्हणाले, आणि आणखी एक ग्लास मागितला.

१४ फेब्रुवारी

काही विशेष नाही. काही विशेष नाही हे लिहायलाच किती बरं वाटतंय.

७ मार्च

पट्टी बंद! डोळा पुन्हा आळसावतो का ते बघायला तीन महिन्यांनी यायचं, चष्मा सोडायचा नाही. पण पट्टी बंद. खोळ मी धुऊन वाळत घातली, मग ती काढायलाच विसरले.

एक सांगू? थोडं चुकल्यासारखं वाटतंय. दुपारी हात आपोआप फोनकडे जातो. गेममध्ये पूल करायचा होता, पाऊस पाडायचा होता. मोबाईलच्या दुकानातला देवानंद म्हणाला, "वहिनी, हे सगळ्याईले द्या न खेळाले, चालन!" मनात आलं, खरंच द्यावा का? आजवर मी केलेली वस्तू लोकांनी अंगावर घातलीय. ही मात्र सगळी माझ्या डोक्यातून निघालेली. उद्यापासून पुन्हा दुपारी बसेन म्हणते.

२४ मार्च

गेम गेला. रेणूने फोनमधून काढून टाकला, न विचारता! दुसरीकडे कुठेच ठेवलेला नव्हता. ठेवायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "फोटो काढाचा होता. फोन म्हणे जागा नाही."

कसला फोटो? तिने दाखवला. आभाळ, शेतावरून गेलेली विजेची तार, बाकी काही नाही. "वेडा राघू हाये न," म्हणाली. मला तो चिमणीएवढा पक्षी कुठेच दिसेना. तिने वैतागून आपणहून डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि काचेवर बोट टेकवलं. "हा पाह्य. त्याच्या शेपटीले काडी बी हाये."

मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. होती काडी.